एप्रिल ते ऑक्टोबर
जर्मनीत कित्येक मोटरसायकलींच्या नंबरप्लेटवर उजव्या कडेला दोन आकडे असतात: वर ०४, खाली १०. म्हणजे ही गाडी एप्रिल ते ऑक्टोबरच रस्त्यावर धावणार. विमा आणि कर तेवढ्याच महिन्यांचा, आणि हिवाळाभर ती सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीही करायची नाही. १९९७ पासूनची ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. पुण्यात बारा महिने गाडी चालवून स्टुटगार्टला गेलेल्या आपल्या पोरांना मात्र एप्रिलचं ऊन पडलं की कधी एकदा ब्लॅक फॉरेस्टचा घाट गाठतो असं होतं. त्यांना कळकळीनं सांगावंसं वाटतं, जरा दमानं घ्या. बॅटरी चार्ज केली, इंजिन सुरू झालं, एवढ्यावर भागत नाही. टायर बघा. हवा उतरलेली असतेच. शिवाय कडेला कोरलेले चार आकडे वाचा, ३२१९ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. रबर कडक पडलं असेल, तर नक्षी कितीही खोल असो, टायर बदलायचाच. बर्फासाठी टाकलेली बारीक खडी वळणांवर अजून पडलेली असते, सावलीतलं डांबर दुपारीही गार असतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मोटारवाल्यांच्या नजरेची दुचाकीची सवय हिवाळ्यात मोडलेली असते. आपलीही नजर पुढच्या चाकापाशीच अडखळते. म्हणून आधी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास इंग्रजी आठचे आकडे काढा, चार वेळा ब्रेक करकचून दाबून बघा. घाटाचं पुढच्या रविवारी बघू.