जिंकण्याचें मोल कोणीं द्यावें ?

हरण्यासाठीं पैसे घेणें हें पाप होय, हें कोणासहि सांगावें लागत नाहीं. परंतु आपला संघ जिंकावा म्हणून परक्यानें पैसे दिले, तर ते घेण्यांत दोष कोणता ? असा प्रश्न आमच्या एका विद्यार्थ्यानें क्रीडांगणावर आम्हांस विचारला. प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. म्हणून त्याचें उत्तर येथें देण्याचें योजिलें आहे.

स्पेन देशांत धंदेवाईक फुटबॉलच्या हंगामाअखेर अशा पैशांची कुजबुज वरचेवर ऐकूं येते. इ. स. २०१४ मधील गोष्ट पाहा. ओसासुना संघास खालच्या वर्गांत जाण्याची भीति होती. बेतिस संघाचें खालीं जाणें तर आधींच ठरलें होतें. अशा वेळीं ओसासुनाच्या कांहीं चालकांनीं बेतिसच्या खेळाडूंशीं सौदा केला : वायादोलिद संघास हरविल्यास ४,००,००० यूरो, आणि पुढच्या सामन्यांत खुद्द ओसासुनाकडून हरल्यास २,५०,००० यूरो. दोन्ही सामन्यांचे निकाल हवे तसे लागले. तरी ओसासुना खालीं गेलाच. पुढें २०२० सालीं न्यायालयानें दोषी ठरलेल्यांस शिक्षा दिल्या. २०२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें हरण्याचा सौदा हा गुन्हाच मानला. मात्र जिंकण्यासाठीं दिलेला पैसा दंडविधानाखालीं गुन्हा ठरत नाहीं, असा निर्णय दिला. फुटबॉल संस्थेच्या शिस्तीचे नियम मात्र तोहि निषिद्ध मानतात.

तेव्हां कायदा शिक्षा करीत नाहीं म्हणून कृत्य निर्दोष ठरतें काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं. स्वतःचा क्लबहि विजयाबद्दल बक्षीस देतो, हें खरें. पण तो खेळाडूचा धनी आहे, आणि देतो तें उघडपणें देतो. परका चोरून देतो, कारण त्यास तुमच्या विजयाचें सुख नसून तिसऱ्याच्या पराभवाची गरज असते. शिवाय तें घेणारा खेळाडू नकळत कबुली देतो कीं, पगार घेऊनहि आपण आजवर मनापासून खेळत नव्हतों. आणि ज्या हातानें जिंकण्याचे पैसे घेतले, त्याच हातापुढें लगेच हरण्याचे पैसे आले, हें वरील गोष्टींत दिसलेंच आहे. दोन धन्यांविषयींचा प्रभूचा बोध आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. तो येथें आठवावा.

पालकांसहि एक विनंती. मुलानें गोल केला तर घरीं आनंदानें पेढा द्यावा. परंतु सामन्यापूर्वीं 'गोल केलास तर इतके रुपये' असा करार करूं नये. सौद्याची संवय अशाच लहान गोष्टींतून लागते.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर इतकेंच : मनापासून खेळणें हें तुझें आपल्या संघास देणें आहे. जें एकाचें देणें आहे, तें दुसऱ्यास विकतां येत नाहीं.