चेहरा नको, जाहीरनामा छापा

प्रति,
मा. सचिव, डाक विभाग,
डाक भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली.

विषय: 26 जुलै 2027 रोजी काढावयाच्या टपाल तिकिटाबाबत.



26 जुलै 2027 रोजी करवीर संस्थानच्या एका हुकमाला 125 वर्षे पूर्ण होतील. संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात, असा तो राजर्षी शाहू छत्रपतींचा हुकूम. या दिवशी तिकीट निघावे, अशी आमची मागणी आहे. महाराजांचे तिकीट आपण 1979 मध्ये काढले, त्याबद्दल कोल्हापूरकर ऋणी आहेत. या वेळी मात्र चेहरा नको. करवीर सरकारच्या गॅझेटातला तो मजकूरच तिकिटावर छापा.

हट्ट विचित्र वाटेल, म्हणून कारण सांगतो.

हा हुकूम निघाला तेव्हा महाराज कोल्हापुरात नव्हते. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते विलायतेला गेले होते. राजा आजारी पडल्याने जूनमधला समारंभ 9 ऑगस्टवर गेला, आणि मधल्या दिवसांत हा हुकूम जाहीर झाला. त्याच 1902 मध्ये एडवर्डचा चेहरा हिंदुस्थानच्या तिकिटांवर आला. म्हणजे ज्या वर्षी इथल्या प्रत्येक पाकिटावर नव्या बादशहाचे मुंडके चिकटू लागले, त्याच वर्षी त्याच्याच दरबारासाठी गेलेल्या एका राजाने आपल्या गॅझेटात चार ओळींनी नोकरशाहीची घडी मोडली. यातले कुठले चित्र स्वतंत्र देशाच्या तिकिटावर शोभेल?

आपल्या तिकिटांची चौकट मुळात राणीची आहे. 1854 मध्ये कलकत्त्यात पहिली अखिल हिंदुस्थानी तिकिटे छापली गेली, ती व्हिक्टोरियाच्या मस्तकाची. रुपयाही राणीछापच. पुढे बराच काळ तिकिटे लंडनहून छापून येत; 1920 च्या दशकात नाशिक रोडला छापखाना उभा राहिला आणि पंचम जॉर्जचा चेहरा मराठी कामगारांच्या हातून निघू लागला. 1935 च्या रौप्यमहोत्सवी तिकिटांवर तर राजासोबत गेट वे ऑफ इंडिया, ताजमहाल, रामेश्वरचे देऊळ, अमृतसरचे सुवर्णमंदिर अशी आपली वैभवे मांडली. पुढे राजा, मागे रयतेची देवळे. आता खिशातली वीस रुपयांची नोट काढून पाहा. एका बाजूला गांधीजी, उलटल्यावर वेरूळ. माणूस बदलला, आणि किती मोठा माणूस आला! पण मांडणी तीच राहिली.

वेगळे करण्याची हिंमत आपण सुरुवातीला दाखवली होती. 21 नोव्हेंबर 1947 चे स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट तिरंग्याचे होते, वर ‘जय हिंद’. 1949 च्या एक रुपयाच्या नोटेवर राजाच्या जागी गांधीजींचे चित्र घ्यायचे आधी ठरत होते, शेवटी सारनाथचे सिंह आले.

आणि कोल्हापूरच्या मातीत तर बिनचेहऱ्याच्या नाण्यांची परंपराच आहे. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात उत्खनन झाले, टाऊन हॉलच्या संग्रहालयातली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथलीच. याच परिसरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची कुर राजांची शिशाची नाणी मिळाली. त्यांवर एका बाजूला धनुष्यबाण आणि राजाचे नाव, दुसऱ्या बाजूला कमानी रचून केलेला डोंगर आणि कठड्यातले झाड. राजा कसा दिसत होता ते नाण्यावरून कुणाला कळू नये, याची जणू काळजीच घेतलेली.

शिवराईचेही तेच. ही तांब्याची नाणी जुन्या वस्तूंच्या बाजारात आजही हाताळायला मिळतात. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचे कडे. तांब्याच्या तुकड्यापेक्षा ठसा मोठा, त्यामुळे कुठे ‘श्री’ची वेलांटी काठाबाहेर गेलेली, कुठे अर्धे ठिपके गायब. अक्षर बोजड, पण छत्रपतींची ओळख त्या अक्षरांवर चालली आणि पुढे इंग्रजी अमलापर्यंत बाजारात खपली. आपण 1999 मध्ये शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे काढले, तेव्हा त्यावर चेहरा घातला. शिवराईच नव्याने पाडली असती तर काय बिघडले असते?

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. काही चेहरे त्या चौकटीत येणे ही स्वतःच एक क्रांती होती. 1966 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि 1977 मध्ये महात्मा फुले तिकिटावर आले, तेव्हा ज्यांना कुठल्याच चौकटीत जागा नव्हती त्यांना राणीची जागा मिळाली. ज्या माणगावात 1920 च्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे गौरवले, तिथल्या माणसाला तिकिटावरचा चेहरा फालतू आहे असे मी सांगणार नाही. पण ते काम झाले. आता दरवर्षी पुण्यतिथ्या-जयंत्यांच्या यादीतून उचललेले तेच ते अर्धपुतळे निघतात, खाली नाव वाचल्याशिवाय कोण कोण ते कळत नाही.

हुकमाच्या मजकुरात मात्र जीव आहे. खातेप्रमुखांनी नेमणुकांची माहिती दर तीन महिन्यांनी पाठवावी, असेही त्यात बजावले होते. कारभार कसा चालतो हे ओळखणारा राजा त्या एका कलमात जेवढा दिसतो, तेवढा कुठल्याही तैलचित्रात दिसत नाही.

रेखाटन कुणी करायचे, असा प्रश्न पडला तर आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात चित्रकारांचा तुटवडा नाही. दळवीज आणि कलानिकेतन या इथल्या कलाशाळांच्या विद्यार्थ्यांना खुली स्पर्धा द्या. सोबत कुर राजांचे नाणे आणि शिवराई यांची दोन तिकिटे काढून तिन्हींचा संच केलात तर अधिक बरे.

रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले. काउंटरवर बारकोडचा कागद चिकटतो, तिकिटाला जीभ लावायची वेळ क्वचितच येते. रोजच्या टपालाचे ओझे तिकिटाच्या डोक्यावरून उतरले आहे, तर आता त्यावर धाडस करायला हरकत नसावी.

तिकिटाचे प्रस्ताव बरेच आधी विचारात घ्यावे लागतात, म्हणून हे पत्र आत्ताच. प्रथम दिवसाचा शिक्का कोल्हापूरच्या मुख्य टपाल कार्यालयातून मारावा आणि तिकिटावर गॅझेटाचा मजकूर भिंगाशिवाय वाचता येईल एवढा ठेवावा, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक कोल्हापूरकर