स्वस्त होणारी पाळत

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबई शहरावर कॅमेऱ्यांची नजर असावी, या मागणीने जोर धरला. ती प्रत्यक्षात यावयास जवळजवळ आठ वर्षे लागली. ऑक्टोबर २०१६ मध्ये १,५१० ठिकाणी बसविलेल्या ४,७१७ कॅमेऱ्यांचे जाळे कार्यान्वित झाल्याचे जाहीर झाले. चर्चा झाली ती मात्र कॅमेऱ्यांच्या संख्येचीच. वस्तुतः कॅमेरा केवळ पाहतो. पाहिलेल्याचा अर्थ लावणे हे निराळे काम आहे आणि खरा खर्च तेथेच आहे.

हा हिशेब एकदा करून पाहण्याजोगा आहे. एका कॅमेऱ्याने सेकंदाला २५ चित्रे टिपली असे धरले, तर एवढ्या कॅमेऱ्यांची चित्रे दिवसाकाठी हजार कोटींच्या वर जातात. एखादा संशयित कोठून कोठे गेला हे शोधावयाचे, तर चित्रातील प्रत्येक माणूस वेगळा काढावयाचा, त्याची अंगकाठी, पेहराव, रंग यांचे आकड्यांत रूपांतर करावयाचे आणि ते आकडे संशयिताच्या आकड्यांशी ताडून पाहावयाचे. हे सर्व कॅमेऱ्यांवर, सर्व काळ करावयाचे म्हटले तर संगणकांचा आणि विजेचा भार पेलणे कोणत्याही पोलीस खात्याला कठीणच.

संशोधकांनी यावर काढलेला तोडगा मोठा व्यवहारी आहे. अनुभवी हवालदाराला तो नवा वाटू नये. दादर स्थानकाच्या पुलावरून उतरलेला माणूस पुढच्या दोन मिनिटांत बोरिवलीला दिसणार नाही, तेव्हा बोरिवलीची चित्रे तपासण्यात अर्थ नाही. एका कॅमेऱ्यासमोरून गेलेला माणूस बहुधा कोणत्या कॅमेऱ्यासमोर आणि किती वेळाने येतो, हे यंत्राने जुन्या चित्रणावरून शिकावयाचे व तेवढ्याच कॅमेऱ्यांकडे, तेवढ्याच वेळापुरते पाहावयाचे. तेथे तो सापडला नाही, तर साठविलेले चित्रण मागे जाऊन भराभर चाळावयाचे. ‘रेक्सकॅम’ या अमेरिकेत विकसित झालेल्या पद्धतीने आठ कॅमेऱ्यांच्या चित्रणावर गणनाचा भार ८.३ पटींनी कमी करून दाखविला. १३० कॅमेऱ्यांच्या कल्पित जाळ्यावर ही बचत २३ ते ३८ पट झाली. शिवाय शोधाचे क्षेत्र आखडल्यामुळे भलत्याच माणसावर बोट ठेवले जाण्याचा संभवही घटतो. कचेऱ्या सुटतानाच्या पांढऱ्या सदऱ्यांच्या गर्दीत हा लाभ लहान नव्हे.

येथवर सारे स्वागतार्ह. परंतु त्या आठ कॅमेऱ्यांच्या चित्रणाची कथाही ऐकण्यासारखी आहे. ड्यूक विद्यापीठाच्या आवारात २०१४ मध्ये ते टिपले गेले आणि जाता-येता कॅमेऱ्यासमोरून गेलेली दोन हजारांहून अधिक माणसे त्यात नोंदली गेली. ते जगभरच्या संशोधकांच्या हाती पडले आणि टीका झाल्यावर २०१९ मध्ये मागे घेण्यात आले. तोवर त्याच्या प्रती कोठे कोठे पोहोचल्या होत्या, याला गणती नव्हती.

आजवर सामान्य नागरिकाच्या खासगीपणाचे रक्षण कायद्यापेक्षा खर्चानेच अधिक केले आहे. सर्वांचा पाठलाग परवडत नव्हता, म्हणून तो होत नव्हता. भार आठपट, तीसपट उतरू लागला की ही आपोआप मिळालेली ढाल गळून पडते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला खरा. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना अधिसूचनेद्वारे सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे ठेवला आहे. दूरध्वनी चोरून ऐकण्यासाठी गृहसचिवांच्या पातळीवरील आदेश आणि पुनर्विलोकन समिती असावी, असे त्याच न्यायालयाने १९९६ मध्येच बजावले होते. एखाद्याचा माग कॅमेऱ्यामागून कॅमेऱ्यावर काढण्यास मात्र अशी अट घालणारा स्वतंत्र कायदा नाही.

विशेष हे की, काटकसरीच्या या पद्धतीतच अशा बंधनाला जागा आहे. सरसकट पाळतीला आरंभबिंदू नसतो. या पद्धतीत मात्र शोध सुरू होतो तो कोणीतरी कोणाचे तरी चित्र यंत्रापुढे ठेवल्यावरच. ते कोणी ठेवले, कोणत्या गुन्ह्यासाठी, कोणाच्या लेखी हुकमाने आणि शोध केव्हा थांबला, याची नोंद यंत्र स्वतःच करू शकते. त्या नोंदीला गणनाचा भार जवळजवळ काहीच पडत नाही. तेव्हा ती ठेवली गेली नाही, तर खर्चाची सबब कोणालाही पुढे करता येणार नाही.