विश्लेषण : बोटीच्या इंजिनाचा लायनर लेसरने जास्त टिकेल?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौका विसावल्या की मालकासमोर इंजिनाचा खर्च उभा राहतो. हंगामभर ऑइल खाणारे, काळा धूर सोडणारे इंजिन खोलायचे आणि लायनर बदलायचा की बोअर करून घ्यायचा हे ठरवायचे. लेसरने कठीण केलेला लायनर हा तिसरा पर्याय आहे. मात्र तो सरसकट सर्वांच्या उपयोगाचा नाही.

झीज नेमकी कुठे होते?

लायनर बिडाचा असतो. बिडातले ग्राफाइट थोडे वंगणाचे काम करते, म्हणूनच हा धातू इथे टिकून आहे. पण पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून परत फिरतो तिथे क्षणभर त्याचा वेग शून्य होतो. ऑइलचा थर तुटतो, उष्णता आणि दाब मात्र तिथेच सर्वाधिक असतात. रिंग बिडाला घासते आणि कालांतराने बोटाला जाणवेल अशी कड तयार होते. कॉम्प्रेशन गळू लागते आणि तेवढ्याच फेरीला डिझेल जास्त लागते.

लेसर काय करतो?

लेसरचा झोत पृष्ठभागाची पातळ पट्टी क्षणात सुमारे ९०० अंशांवर नेतो. झोत पुढे सरकताच आजूबाजूचा थंड धातू ती उष्णता शोषून घेतो. पाणी, तेल काही लागत नाही. या अचानक थंड होण्याने साधारण अर्धा मिलिमीटर खोलीपर्यंतचे बीड मूळच्या दुप्पट-तिप्पट कठीण होते. तापमान वितळण्यापर्यंत गेले तर मात्र पृष्ठभाग ठिसूळ होऊन तडे जाऊ शकतात. पट्टे बहुधा नागमोडी किंवा मळसूत्रासारखे देतात आणि मध्ये जागा सोडतात, कारण शेजारचा पट्टा चढला तर आधीचा पुन्हा नरम पडतो. शेवटी होनिंग करावेच लागते.

हे नवे आहे का?

नाही. जनरल मोटर्सने १९७०च्या दशकातच स्टिअरिंगच्या भागांवर लेसर वापरला. पुढे त्यांच्याच रेल्वे इंजिन विभागाने लायनरही असे कठीण केले. त्या विभागाच्या तंत्रज्ञानावर बनलेली डब्ल्यूडीपी-४, डब्ल्यूडीजी-४ डिझेल इंजिने कोकण रेल्वेवर रत्नागिरीवरूनच धावत होती. या मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले.

मग अडचण कशाची?

पहिली, बोअरिंगची. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज करताना भिंतीवरून पाव मिलिमीटर धातू निघतो, म्हणजे कठीण थर निम्मा गेला. झिजल्यावर बोअर करून पुन्हा वापरण्याची सवय इथे चालत नाही. आधीच झिजलेल्या बोअरवर लेसर मारूनही कड भरून येत नाही. फायदा घ्यायचा तर नव्या लायनरवरच, आणि रिंगही त्याला साजेशी हवी, नाहीतर तीच झिजेल.

दुसरी, लेसर फक्त आतली बाजू सांभाळतो. कूलिंगच्या पाण्याने बाहेरून पडणारे खड्डे, टपकणारा इंजेक्टर, वेळेवर न बदललेले ऑइल यांवर तो उपाय नाही. मिरकरवाड्यातल्या इंजिनांचे आयुष्य जिथे यामुळे संपते, तिथे महागडा लायनरही वाया जाईल.

तिसरी, संख्येची. हैदराबादच्या एआरसीआयसारख्या संशोधन संस्थेत लेसर प्रक्रियेचे स्वतंत्र केंद्र आहे. पण एका नौकेचे चार-सहा लायनर पाठवून, मांडणी करून, होनिंग करून बंदी संपण्यापूर्वी परत आणणे हिशेबात बसत नाही. डिझेल वाटणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थांनी एकाच मॉडेलच्या इंजिनांचे लायनर एकत्र मागवले तर बसू शकेल. सध्या डिझेलवरील कराच्या परताव्यावर जेवढी चर्चा होते, तेवढी ते जाळणाऱ्या इंजिनावर होत नाही.

मागणी नोंदवायची तर ती जूनमध्ये नव्हे, हंगाम सुरू असतानाच. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर मिळेल तो लायनर बसवून नौका लोटावीच लागते.