‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्यांच्या विरोधात

मराठी घरात सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता? ‘आज जेवायला काय करू?’ आणि त्याचं सगळ्यात निरुपयोगी उत्तर? ‘काहीही चालेल.’

या उत्तरावर माझा जुना राग आहे, तो या वीकांताला काढून टाकतो. ‘काहीही चालेल’ वरवर किती समजूतदार वाटतं ना? माणूस साधा आहे, नखरे नाहीत, पानात पडेल ते खातो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की विचार तू कर, फ्रिज तू उघड, कोथिंबीर आहे की संपली ते तू आठव, काल रात्री कडधान्य भिजत घालायचं राहिलं म्हणून तूच चरफड, आणि पानावर बसल्यावर ‘परत दुधी?’ म्हणायचा हक्क मात्र माझ्याकडे राखून ठेव. ज्यांना खरंच काहीही चालतं असं वाटतंय त्यांच्यापुढे सलग तीन रात्री मुगाची खिचडी ठेवून बघा. चौथ्या रात्री त्यांना मतं फुटतात.

यावर उपाय आहे आणि तो फार साधा आहे. रात्रीच्या जेवणाला वार लावून टाकायचे. अमक्या वारी उसळ, तमक्या वारी खिचडी. संपलं.

हे म्हटलं की आपल्या पिढीतल्या लोकांच्या दोन प्रतिक्रिया येतात. पहिली: ‘ओह, थीम नाईट! टाको ट्यूसडे!’ दुसरी: ‘छे, जगणं अगदी यांत्रिक होईल.’ दोन्ही चुकीच्या आहेत.

आधी पहिली. वार ठरवून जेवणं हा अमेरिकेचा शोध नाही. ‘टाको ट्यूसडे’ हा तिथे एका रेस्टॉरंट साखळीचा नोंदणीकृत ट्रेडमार्क होता. टाको जॉन्सने तो १९८९ पासून धरून ठेवला आणि वाद झाल्यावर जुलै २०२३ मध्ये सोडून दिला. मंगळवारच्या मालकीवरून भांडण, काय म्हणावं! पण जगात इतरत्र हे फुकटात चालत आलंय. फिनलंडमध्ये गुरुवारी वाटाण्याचं सूप. रोममध्ये गुरुवारीच न्योकी. जपानच्या नौदलात दर शुक्रवारी करी-भात असतो. समुद्रावर सगळे दिवस सारखेच, म्हणून निदान जेवणावरून वार कळावा असं त्याचं कारण सांगतात. (सलग घरून काम करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. आपणही एका अर्थी समुद्रावरच असतो.)

आणि आपल्याकडे? अहो, आपल्याकडे तर वारांचं सगळं रानच आहे. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. ज्या घरांत मटण-मासे चालतात त्यांतल्या कितीतरी घरांचा आठवडा बुधवार, शुक्रवार, रविवार असा पक्का ठरलेला. मटणाच्या दुकानापुढची रविवार सकाळची रांग बघा, त्यातल्या एकालाही ‘आज काय करायचं’ हा प्रश्न पडलेला नसतो. वर्षाचंही तेच. भोगीला सगळ्या भाज्या एकत्र आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून उकडलेली दिंडं. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगी बंद, आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याने वांग्याचं पुनरागमन. श्रावणातली शिळासप्तमी तर मला फार आवडते. त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, आदल्या दिवशी केलेलं खायचं. घरातल्या बाईला चुलीपासून एक दिवस सुट्टी मिळावी म्हणून थेट देवीची सही आणली! आदल्या दिवशी दुप्पट रांधायला लागायचं ही गोष्ट वेगळी.

थोडक्यात, घरातल्या स्वयंपाकाचं वेळापत्रक आपल्याकडे होतं आणि ते भिंतीवर टांगलेलं होतं. १९७३ पासून ‘कालनिर्णय’ घराघरांत लटकतंय. पुढे तिथी-सण-उपास, पाठीमागे पाककृती, आणि मधल्या चौकोनांत दुधाचे खाडे. याहून चांगला मील प्लॅनर कुठल्या ॲपवाल्याने काढला असेल तर मला दाखवा.

आता हे गोग्गोड करून सांगायचं नाहीये. ‘आजीच्या काळी सगळं कसं छान होतं’ या छापाच्या लिखाणाचा मला कंटाळा आहे. उपासाच्या दिवशी घरात दोन स्वयंपाक व्हायचे, उपासवाल्यांची साबुदाणा खिचडी आणि बाकीच्यांची पोळी-भाजी, आणि दोन्ही करणारी बाई स्वतः उपाशी असायची. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेत होती. काय करायचं याचा निम्मा निर्णय आधीच झालेला असायचा आणि तो घरातल्या सगळ्यांना माहीत असायचा. गुरुवारी काय नाही हे सहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक. आपण मोठ्या शहाणपणाने वार काढून टाकले, उपास काढून टाकले (काढावेतच, माझी हरकत नाही), आणि त्या जागी काय ठेवलं? काही नाही. रोज कोरा कागद. त्या कागदावर रोज संध्याकाळी सात वाजता एकाच व्यक्तीने काहीतरी लिहायचं. याला आपण स्वातंत्र्य म्हणतो.

कोणाचं स्वातंत्र्य ते आकड्यांत बघू. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या ८१.२ टक्के स्त्रिया दिवसभरात विनामोबदला घरकाम करताना आढळल्या, पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांच्यातही स्त्रियांची रोजची २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७. आणि हे झालं हातांनी केलेलं काम. डोक्यातलं काम बहुतेक कशातच धरलं जात नाही.

या डोक्यातल्या कामावर ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंचा २०१९ चा एक शोधनिबंध आहे. अमेरिकेतल्या ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन त्यांनी या कामाचे चार भाग पाडले. गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि मग ते नीट पार पडतंय का यावर लक्ष ठेवणं. गंमत कुठे आहे माहितीये? ‘निर्णय’ या भागात नवरे बऱ्यापैकी हजर असतात. पहिला आणि शेवटचा भाग मात्र मुख्यतः बायकांकडे. म्हणजे ‘पनीर की छोले?’ याला आपण ‘छोले’ म्हणतो आणि कामात हातभार लावल्याचं समाधान मिळवतो. छोले आदल्या रात्री भिजवलेत का, घरात टोमॅटो आहेत का, कुकरची रिंग सैल झालीय का, हे सगळं तिच्या डोक्यात चालू.

(इथे कोणीतरी ‘डिसिजन फटीग’ हा शब्द आणेल. निर्णय घेऊन घेऊन इच्छाशक्तीची टाकी रिकामी होते वगैरे. त्या सिद्धांताची २०१६ मध्ये बऱ्याच प्रयोगशाळांनी मिळून फेरतपासणी केली तेव्हा परिणाम जवळपास शून्य आला, त्यामुळे मी त्याच्या भरवशावर वाद घालत नाही. गरजही नाही. काम आहे आणि ते एकीच्याच वाट्याला येतंय, एवढं पुरेसं आहे.)

‘पण आमच्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात!’ हो, गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत आपल्यापैकी अर्ध्याअधिक लोकांकडे येतात. मग सकाळी स्टँडअप चालू असताना फोन कोणाला येतो? ‘ताई, भाजी कसली करू?’ ताईलाच येतो. दादाला कधी आलाय? मावशींना नाव ठेवू नका, त्यांना अनुभवाने माहीत आहे की दादाला विचारलं तर दादा म्हणणार, ‘काहीही चालेल.’ आपण पोळ्या लाटायचं काम पैसे देऊन बाहेर दिलं, विचार करायचं काम घरातच आणि तिच्याकडेच ठेवलं. दहा मिनिटांत सामान आणून देणारी ॲप्सही तेवढीच कामाची. पालक दहा मिनिटांत येतो, पण पालक मागवायचा आहे हे कोणाला तरी आधी सुचावं लागतं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० पासून आपल्या स्वयंपाकघरांत आहे, वाटी-चमच्याच्या मापात सगळं सांगतं. पण तेही ‘कसं करायचं’ हे सांगतं. ‘आज काय’ या प्रश्नाला पुस्तक नाही.

आता दुसरी प्रतिक्रिया, यांत्रिक होईल ही. हे म्हणणारे आपले बंधू दिवसभर हापिसात काय करतात? दर दोन आठवड्यांनी स्प्रिंट प्लॅनिंग. कोणाचं तिकीट कोणाकडे याचा बोर्ड. रात्री सर्व्हर पडला तर कोण उठणार याची ऑन-कॉल पाळी, आणि ती दर आठवड्याला बदलते, कारण एकाच माणसाला वर्षभर ऑन-कॉल ठेवलं तर तो नोकरी सोडून जातो हे एचआरलासुद्धा कळतं. घरी एक माणूस ३६५ दिवस ऑन-कॉल आहे आणि तिथे वेळापत्रक म्हटलं की यांना उत्स्फूर्तता आठवते! कॉलेजच्या मेसमध्ये तर वर्षानुवर्षं वार लावूनच जेवलात ना? रविवारी दुपारी फीस्ट, रात्री मेस बंद. शंभर पोरांना जेवू घालणाऱ्या मेसच्या काकू रोज सकाळी ‘काय करू?’ म्हणून खोल्याखोल्यांतून हिंडल्या असत्या तर तुमची डिग्री झाली नसती.

एक युक्ती मात्र सांभाळायची. वाराला पदार्थ लावायचा नाही, प्रकार लावायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस ठरवा, इम्प्लिमेंटेशन मोकळं ठेवा. ‘मंगळवार म्हणजे मटकी’ असं लिहिलंत तर तिसऱ्या आठवड्यात बंड होईल. ‘मंगळवार म्हणजे उसळ’ असं लिहा, मग मटकी, मूग, चवळी, हरभरा, वाल, एखाद्या गारठ्याच्या रात्री हुलग्याची शेंगोळीसुद्धा त्यात बसते. बुधवार पालेभाजीचा, कारण नाशकात बुधवारी गंगेवर बाजार भरतो. (बाहेरच्या मंडळींसाठी: नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी.) घाटावर जे ताजं आणि स्वस्त दिसेल ते. गुरुवारी पिठल्याच्या कुळातलं काहीतरी. शुक्रवारी खिचडी-कढी, कारण शुक्रवारी कोणाच्याच अंगात त्राण नसतं. शनिवारी शेवभाजी किंवा भरीत, असं जरा खानदेशाकडे झुकलेलं. रविवारी सकाळी नाशिककर मिसळ खाणारच, त्यावर पापड आणि वर जिलबी, त्यामुळे रात्री ताक-भात पुरतो. सोमवार शिळ्याचा. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा, फोडणीचा भात. शिळासप्तमी दर आठवड्याला, देवी रागावणार नाही.

प्रकार ठरला की मागची साखळी आपोआप हलते, आणि खरा फायदा तिथे आहे. मंगळवारी उसळ म्हणजे एरवी रविवारी रात्री कडधान्य भिजत पडलं तरी चालतं. सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधलं की मंगळवारपर्यंत मोड येतात. पण डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या येतात तेव्हा, मोड लवकर येत नाहीत. तेव्हा रविवारी सकाळीच भिजवायचं आणि फडकं उबदार कोपऱ्यात ठेवायचं. हे ज्ञान आज घरात एकाच डोक्यात असतं. भिंतीवर ‘रविवार: कडधान्य भिजवणे’ असं लिहिलं की ते कोणालाही वाचता येतं.

आणि आता मुख्य भांडण. थीम नाईट सुचवणारे बहुतेक सल्ले इथेच माती खातात. छान रंगीत तक्ता, फ्रिजवर चुंबक लावून चिकटवलेला, आणि तो बनवला कोणी? तिनेच. छापला तिने, पाळते ती, आणि कोणी काही विचारलं तर ‘तक्त्यात बघ ना’ म्हणायचं कामही तिचंच. हा म्हणजे तिच्या डोक्यातल्या कामाला एक डॉक्युमेंटेशनचं काम जोडणं झालं. तक्त्यात पदार्थाच्या प्रकारापुढे माणसाचं नाव हवं. आणि ज्याचं नाव त्याचा वार अख्खा. भिजवणं त्याचं, घरात काय नाही ते बघणं त्याचं, आणणं त्याचं, मावशींना सांगणं त्याचं (मावशींच्या फोनमध्ये त्या वारासाठी त्याचा नंबर), आणि जेवणं झाल्यावर ओटा पुसणंही त्याचं. ‘तू सांग, मी करतो’ हे चालणार नाही, कारण सांगणं हेच तर काम आहे.

‘मला येत नाही’ हे कारण इंजिनिअरच्या तोंडी शोभत नाही. कधीही न पाहिलेला फ्रेमवर्क दोन वीकांतांत शिकून बायोडेटात घालणाऱ्या माणसाला मुगाची खिचडी जमत नसेल तर त्या बायोडेटावरच संशय घ्यायला हवा :-) घरात सासूबाई असतील तर पहिले दोन आठवडे ‘मुलाला ओट्याशी उभं केलं’ अशी कुजबुज होईल. होऊ द्या. घरातल्या मुलांनाही एक वार द्या, दहा-बारा वर्षांचं पोर सोमवारच्या पोळ्या कुस्करू शकतं. कधी वार चुकेल, पाहुणे येतील, मुंबई-आग्रा रोडवर अडकून घरी यायला नऊ वाजतील. तेव्हा दोन वार आपसात बदलून घ्यायचे, पण बदलण्याचा निरोप ज्याचा वार आहे त्यानेच द्यायचा.

नव्या माणसाने सुरुवात करायची तर माझं मत बुधवारचं आहे. तो वार सगळ्यात कठीण आहे आणि टाळता येत नाही. पिशवी घेऊन घाटावर जा, मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करून बघा, भाव विचारा, आणि घरी आल्यावर ती जुडी दुसऱ्या कोणाच्या पुढ्यात ठेवू नका. मेथी निवडायला किती वेळ लागतो ते बसून बघा.