जीवाणूची आकृती आणि औषधाचा विवेक

जीवाणूच्या पेशीची आकृती काढून भागांना नावे द्यावयाची, गुण पदरात पाडून घ्यावयाचे आणि त्या आकृतीचा आयुष्याशी काही संबंध असू शकतो हे कायमचे विसरून जावयाचे, ही आपल्या विज्ञानशिक्षणाची रूढ रीत आहे. परंतु ज्या घरात सर्दी-पडशासाठीही दुकानातून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या बिनदिक्कत आणविल्या जातात, त्या घराला या आकृतीइतकी निकड अन्य कोणत्याही शास्त्रीय ज्ञानाची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिजैविकांचे सारे सामर्थ्य जीवाणूची पेशी आणि आपली पेशी यांच्या रचनाभेदात आहे. मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्याएवढ्या लांबीच्या ‘ई. कोलाय’ या जीवाणूत पटलाने वेढलेले केंद्रक नसते. त्याचा वर्तुळाकार डीएनए पेशीद्रवातच गुंडाळलेला असतो. प्रथिने घडविणारे रायबोसोम त्याच्यापाशीही असतात, पण ते आपल्या रायबोसोमांहून लहान आणि निराळ्या घडणीचे असल्यामुळेच १९४३ साली हाती आलेले व क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन त्यांना नेमके गाठू शकते. सायकलचा टायर फुगलेल्या ट्यूबला आवरून धरतो, तशी पेप्टिडोग्लायकनची भित्तिका आतील दाबाखालच्या पेशीपटलाला फुटू देत नाही. पेनिसिलिन या भित्तिकेचे सांधे जुळू देत नाही, म्हणून वाढता जीवाणू फुटून मरतो, आणि आपल्या पेशींना मुळी भित्तिकाच नसल्यामुळे त्या बचावतात. हान्स क्रिश्चन ग्राम याने १८८४ साली प्रसिद्ध केलेली रंजनपद्धती जाड भित्तिकेचे जीवाणू आणि पातळ भित्तिकेबाहेर आणखी एक पटल बाळगणारे जीवाणू यांची फोड करते. हे बाह्यपटल कित्येक औषधांना आत शिरूच देत नाही.

सर्दीच्या विषाणूला मात्र ना भित्तिका, ना स्वतःचे रायबोसोम. तेव्हा त्याच्यावर या औषधांचा प्रयोग करणे म्हणजे जे अस्तित्वातच नाही त्यावर घाव घालणे होय. नुकसान इतक्यावर थांबत नाही. शरीरातील निरुपद्रवी जीवाणू या भडिमारात नाहक मरतात, प्रतिकारक्षम तेवढे तगतात, आणि प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या लहान कड्यांतून ती प्रतिकारशक्ती एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे, प्रसंगी भिन्न जातीच्या जीवाणूकडेही, हस्तांतरित होते.

१९५५ साली पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा दुर्मिळ औषध सामान्यांच्या आटोक्यात आणणे हा राष्ट्राचा हेतू होता आणि तो सर्वथा योग्य होता. आता प्रश्न सुलभतेबरोबर विवेकाचा आहे. २०१४ पासून औषध नियमांच्या ‘एच-१’ अनुसूचीतील प्रतिजैविके विकताना वैद्याचे व रुग्णाचे नाव नोंदवहीत लिहिणे दुकानदारावर बंधनकारक आहे, आणि या हुकुमाची अंमलबजावणी कसोशीने व्हावी यात दुमत नाही. तथापि जेथे वैद्य दूर आणि दुकान जवळ आहे, तेथे केवळ दप्तरी बंदोबस्ताने गरजूची अडवणूक तेवढी होईल. तेथे वैद्यकीय सोय सरकारने पुरविली पाहिजे, आणि नको ते औषध न मागण्याची समज शाळेने दिली पाहिजे.

म्हणून परीक्षकांनी आकृतीखाली आणखी एक प्रश्न घालावा: पेनिसिलिन यातील कोणत्या भागावर आघात करते, आणि सर्दीवर ते निष्फळ का? याचे उत्तर देता येणारा विद्यार्थी घरातल्या वडीलधाऱ्यांनाही दुकानाच्या पायरीवरून परत फिरवू शकेल.