लोगो आपला, नाव कुणाचं?

कॉन्फरन्स जवळ आली की होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लोगो स्पर्धेचा कागद लागतोच. पोरं सबमिशन बाजूला ठेवून रात्रीचा दिवस करतात. बक्षीस? सर्टिफिकेट अन् चहा-समोसा! तेही चालेल हो. पण लोगो बॅनरवर, बॅगांवर, प्रोसिडिंग्जवर झळकतो आणि काढणाऱ्याचं नाव कुठेच नसतं.

२००९ साली सरकारने रुपयाच्या चिन्हासाठी स्पर्धा घेतली. २०१० मध्ये आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदयकुमार यांचं चिन्ह निवडलं गेलं. अडीच लाख मिळाले, शिवाय नावही झालं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की हक्क लिहून दिले तरी ‘हे मी केलंय’ म्हणण्याचा अधिकार करणाऱ्याकडेच राहतो. तेव्हा संयोजक सर-मॅडम, प्रोसिडिंग्जच्या आतल्या पानावर नावाची एक ओळ तेवढी छापा.